घटकापात्र आणि घड्याळ

मनुष्यानें निर्माण केलेल्या साधनांविषयीं सुशिक्षितांच्या बैठकींत दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, साधन हें जात्याच जड आणि निर्दोष असतें. सुरीनें भाजी चिरतां येते आणि गळाही कापतां येतो. तेव्हां बरेवाईटपणा सुरीचा नसून ती धरणाऱ्या हाताचा आहे. दुसरें मत याच्या अगदीं उलट. मनुष्य यंत्राला जन्म देतो खरा, पण पुढें यंत्रच त्याचें धनी होतें आणि त्याला आपल्या चाकाला जुंपतें. तेव्हां शहाण्यानें यंत्रापासून चार हात दूर राहावें हेंच बरें. पहिल्या पक्षाचे लोक बहुधा आशावादी असतात, दुसऱ्या पक्षाचे खिन्न. आणि आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ उदाहरणांची वाण दोघांनाही कधीं पडत नाहीं. प्रस्तुत लेखांत एक साधी, रोजच्या वापरांतली वस्तु घेऊन या दोन्ही मतांची परीक्षा करून पाहावयाचा विचार आहे. ती वस्तु म्हणजे घड्याळ.

घड्याळच निवडण्याचें कारण असें कीं, इतर साधनांच्या मानानें तें फारच निरुपद्रवी दिसतें. तोफ माणसें मारते, आगगाडी माणसें वाहून नेते, जात्यांतून पीठ पडतें, चरख्यांतून सूत निघतें; घड्याळांतून मात्र कांहींच निघत नाहीं. तें भिंतीवर बसून किती वाजले एवढेंच सांगतें. आणि तरीही ल्युइस मम्फर्ड या अमेरिकन ग्रंथकारानें इ. स. १९३४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, अर्वाचीन उद्योगयुगाचें मुख्य यंत्र वाफेचें एंजिन नसून घड्याळ हेंच होय. जें यंत्र कांहींच उत्पन्न करीत नाहीं त्याला एवढा मान कां मिळावा? याचें उत्तर असें कीं, घड्याळ जें उत्पन्न करतें तें डोळ्यांना दिसत नाहीं. तें माप उत्पन्न करतें. आणि वस्तूपेक्षां माप मनुष्याच्या मनांत अधिक खोल शिरतें.

आपल्या पूर्वजांना काळाची पर्वाच नव्हती, असें कित्येकांना वाटतें. हा समज खरा नाहीं. तळाशीं बारीक भोंक असलेलें तांब्याचें वाटीसारखें पात्र पाण्यावर सोडावें, तें हळूहळू भरून बुडालें म्हणजे एक घटका झाली असें समजावें, ही घटकापात्राची युक्ति आपल्याकडे शतकानुशतकें चालत आली. साठ पळांची एक घटका व साठ घटकांचें एक अहोरात्र. म्हणजे घटका आजच्या चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचें. लग्नघरीं जोशीबुवा घंगाळांत घटकापात्र सोडून मुहूर्ताची वाट पाहत बसत, आणि त्यावेळीं एका पळाचाही ढिलेपणा त्यांना खपत नसे. आज ज्याला आपण घड्याळ म्हणतों त्या शब्दाच्या पोटांत ती जुनी घटीच दडलेली आहे. आणि 'तास' हा शब्दही मुळांत काळाचा नव्हे, तर ज्या धातूच्या थाळीवर ठोके देत त्या थाळीचा आहे. तेव्हां काळ मोजणें ही कांहीं पश्चिमेकडून आलेली नवी विद्या नव्हे.

फरक आहे तो निराळ्या ठिकाणीं. घटकापात्र मुहूर्तापुरतें पाण्यांत सोडलें जाई आणि कार्य उरकलें म्हणजे पुन्हां फडताळांत जाई. रोजच्या व्यवहाराला त्याची गरज पडत नसे. शेतकरी म्हणे, दिवस कासराभर वर आला. गृहिणी म्हणे, दिवेलागण झाली. गाई रानांतून परततांना जी धूळ उडे तिच्यावरून एका मुहूर्ताचेंच नांव गोरज पडलें. पहाट, न्याहारी, दिवेलागण, निजानीज, या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांत कामावरून वेळ ओळखली जाते. वेळेवरून काम ठरत नाहीं. दळण संपलें म्हणजे दळण्याची वेळ संपली. अर्धा पायली दळून झाले असतांना वेळ संपली म्हणून उठावें, ही कल्पनाच त्या जगांत हास्यास्पद ठरली असती.

युरोपांतही आरंभीं याहून फार निराळी स्थिति नव्हती. तेथें काळाचा बारकाईनें विचार करणारा वर्ग म्हणजे मठांतील संन्याशांचा. अहोरात्रांत ठराविक वेळीं प्रार्थनेसाठीं जमावयाचें, आणि त्यासाठीं कोणीतरी वेळ राखून घंटा वाजवावयाची, हा त्यांचा नियम. यांत्रिक घड्याळ तेराव्या-चौदाव्या शतकांत अवतरलें तें या घंटेच्या सेवेसाठीं. इंग्लंडांतील सॅलिसबरीच्या प्रार्थनामंदिरांत इ. स. १३८६ च्या सुमाराचें मानलें जाणारें एक घड्याळ आहे. त्याला तबकडी नाहीं आणि कांटेही नाहींत. तें केवळ ठोके देतें. परमेश्वराच्या स्मरणासाठीं माणसांना एकत्र बोलावणें हेंच त्याचें काम. परंतु मठाच्या मनोऱ्यावरून घंटेचा आवाज गांवांत गेला, गांवांतून बाजारांत गेला, आणि बाजारांतून कारखान्यांत शिरला. इ. स. १६५६ मध्यें ख्रिस्तियन ह्युजेन्स या डच शास्त्रज्ञानें लंबकाचें घड्याळ सिद्ध केलें. तोंपर्यंत चांगलें घड्याळही दिवसाकाठीं पंधरा मिनिटांनीं चुके. लंबकानें ती चूक पंधरा सेकंदांच्या आसपास आणली. मग मिनिटकांटा सर्वत्र दिसूं लागला, आणि मिनिट नांवाची जी वस्तु पूर्वीं केवळ ज्योतिषांच्या गणितांत होती ती गृहस्थाच्या खिशांत आली.

या प्रवासांत एक सूक्ष्म फेरफार झाला, त्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पूर्वीं दिवसाच्या प्रकाशाचे बारा व रात्रीच्या अंधाराचे बारा भाग करीत. त्यामुळें उन्हाळ्यांतला दिवसाचा तास मोठा व हिवाळ्यांतला लहान असे. यंत्राच्या चाकाला उन्हाळा-हिवाळा समजत नाहीं. त्याला सगळे तास सारखे हवेत. तेव्हां मनुष्यानें तास सारखे केले. आपल्या सोयीसाठीं बनविलेल्या यंत्राच्या सोयीसाठीं मनुष्यानें आपली दिनचर्या बदलली, असें याचें वर्णन केल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

परंतु हें अटळ होतें काय? येथें जपानचें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. ज्यांचा देह आज जुन्या गोव्यांत आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर इ. स. १५५१ मध्यें जपानांत असतांना त्यांनीं ओउची योशिताका नांवाच्या सरदाराला एक यांत्रिक घड्याळ नजर केलें. पुढें जपानी कारागीर स्वतः घड्याळें घडवूं लागले. त्यांच्याकडेही दिवसाचे सहा व रात्रीचे सहा असे ऋतूप्रमाणें लांब-आंखूड होणारे भाग होते. पण त्यांनीं ते भाग सोडून दिले नाहींत. त्यांनीं यंत्रालाच वळण लावलें. गति ठरविणाऱ्या आडव्या दांडीवर सरकतीं वजनें बसविलीं. दिवसासाठीं एक दांडी व रात्रीसाठीं दुसरी अशी योजना केली. आणि ऋतु पालटे तशीं दर पंधरवड्याला तीं वजनें सरकविण्याचा प्रघात पाडला. दोनशेंहून अधिक वर्षें जपानांत घड्याळ सूर्याच्या मागून चाललें. ज्यांना वाटतें कीं यंत्र आलें म्हणजे त्याच्यामागून त्याचा कायदाही निमूटपणें आलाच पाहिजे, त्यांनीं या घड्याळांकडे एकदां पाहावें. मात्र कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. इ. स. १८७२ मध्यें जपानांत आगगाडी सुरू झाली, आणि १८७३ च्या आरंभापासून सरकारनें समान तास लागू केले. एकटें घड्याळ वळवितां आलें. परंतु घड्याळ, आगगाडी, तारायंत्र आणि गिरणी हीं जेव्हां हातांत हात घालून आलीं तेव्हां त्यांच्यापुढें जुनी रीत टिकली नाहीं. साधनें एकेकटीं येत नाहींत, त्यांचा गोतावळा असतो. म्हणून एकेका साधनाचा सुटा विचार करणाऱ्यांची नेहमीं फसगत होते.

आतां आपल्याकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि पुढल्याच वर्षीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. गिरणीबरोबर कोंकणांतून आणि घांटावरून आलेल्या माणसांच्या आयुष्यांत भोंगा शिरला. ज्या माणसानें आदल्या वर्षीं सुगीच्या दिवसांत तांबडें फुटण्यापूर्वीं शेतावर जाऊन अंधार पडेपर्यंत राबावें, आणि पिकें घरांत आल्यावर चार दिवस पारावर बसावें, तोच माणूस गिरणीच्या दारांत पांच मिनिटें उशीरा आला म्हणजे आळशी ठरूं लागला. त्याच्या अंगांतली कष्टाळू वृत्ति एका रात्रींत नाहींशी झाली होती काय? नाहीं, त्याला मोजण्याची पट्टी बदलली होती. साधनाबरोबर माप येतें, माप सर्वत्र झालें म्हणजे तें गुण होऊन बसतें, आणि त्या गुणानें मग माणसाची किंमत ठरूं लागते. दया, क्षमा, दान यांच्या पंक्तीला वक्तशीरपणा कधीं येऊन बसला हें आपल्या ध्यानांतही आलें नाहीं. इतकेंच नव्हे तर आपण वेळ 'वाचवितों', 'खर्च करतों', कोणाचा तरी वेळ 'फुकट घालवितों'. हीं सगळीं क्रियापदें पैशाच्या व्यवहारांतलीं आहेत. सुरीचा दृष्टांत देणाऱ्या पहिल्या पक्षाला हें कळत नाहीं कीं, साधन केवळ हातांत राहत नाहीं. तें हळूहळू डोळ्यांत जातें, आणि मग आपण त्याच्यांतून पाहूं लागतों.

वेळ ही केवळ आकाशांतली गोष्ट नसून सत्तेचीही गोष्ट आहे, याचा धडा मुंबईनें आणखी एका प्रसंगीं घेतला. मुंबईची वेळ मुंबईच्या रेखांशावरून ठरे. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें असे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें साऱ्या हिंदुस्थानासाठीं साडेपांच तासांची एकच वेळ ठरविली, आणि मुंबईला घड्याळें ३९ मिनिटें पुढें सारण्यास सांगण्यांत आलें. शहरांत मोठा विरोध झाला; गिरणीमजुरांतही असंतोष उसळला. पोटभर शिकलेल्या माणसांना आज तो विरोध पोरकट वाटतो. पण विचार करा. मुंबईंत जानेवारींत सूर्य नव्या वेळेप्रमाणें सातनंतर उगवतो. ज्याला सहा वाजतां दारांत हजर व्हावयाचें त्याचे सहा ३९ मिनिटें आधीं वाजूं लागले, तर त्याची तेवढी झोंप कोणी नेली? कागदावर कोणाचेंच कांहीं गेलें नव्हतें. फक्त कांटा सरकला होता. पुढें जवळजवळ अर्धें शतक 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' असे दोन काळ त्या एका शहरांत शेजारीं शेजारीं नांदत होते.

इथपर्यंतचें विवेचन वाचून दुसऱ्या, खिन्न पक्षाला आपलाच विजय झाला असें वाटेल. परंतु मुंबईच्याच इतिहासांत त्या पक्षालाही उत्तर आहे. 'दीनबंधु' पत्राचे संपादक व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनीं इ. स. १८८४ मध्यें गिरणीमजुरांच्या सभा भरवून त्यांच्या वतीनें एक अर्ज सिद्ध केला. त्यांतील मागण्या आज वाचतांना मन थबकतें. दर रविवारीं पुरी सुटी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. आणि गिरणीचें काम सकाळीं साडेसहा वाजतां सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें. या तिसऱ्या मागणींत दोन युगें एका वाक्यांत बसलीं आहेत. आरंभ घड्याळाच्या हातीं, शेवट सूर्याच्या हातीं. मजुराला ठाऊक होतें कीं, सकाळीं भोंगा त्याला लवकर ओढूं शकतो, म्हणून तेथें त्यानें घड्याळाची मर्यादा मागितली. संध्याकाळीं मात्र अंधार अजून त्याचा मित्र होता. आणि अर्ध्या तासाचा विसावा तर घड्याळावांचून मागतांच आला नसता. ज्या मापानें त्याला बांधलें तेंच माप हातीं घेऊन त्यानें आपला हक्क मोजून दाखविला. रविवारच्या सुटीची मागणी गिरणीमालकांच्या संघानें १० जून १८९० रोजीं मान्य केली.

पुढें काय झालें तेंही पाहण्याजोगें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि अंधार मजुराचा मित्र राहिला नाहीं. सूर्यास्त ही जी नैसर्गिक कुंपणाची रेघ होती ती एका बटणासरशीं पुसली गेली, आणि कांहीं गिरण्यांतून कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. अशा वेळीं मजुराच्या बाजूनें उभें राहण्यास सूर्य असमर्थ होता. उभें राहिलें तें घड्याळच. इ. स. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली; १९१९ च्या आंतरराष्ट्रीय मजूर-परिषदेनें आठ तासांचा दिवस हें तत्त्व ठरावांत आणलें; आणि १९४८ च्या कारखाना-कायद्यानें आपल्याकडे आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. तेव्हां घड्याळ फोडून टाका म्हणणाऱ्यांनीं, घड्याळ फुटल्यावर दुबळ्याच्या हातीं काय उरेल, याचाही विचार केला पाहिजे. यंत्रसंस्कृतीवर 'हिंद स्वराज्य'मध्यें इ. स. १९०९ सालीं कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींच्याच कमरेला खिशांतलें घड्याळ लटकत असे, आणि वेळेच्या बाबतींत त्यांच्याइतका काटेकोर मनुष्य विरळा. यांत कित्येकांना विसंगति दिसते. मला वाटतें, त्यांना साधन नको नव्हतें. साधनाची सत्ता नको होती. या दोन गोष्टींतला भेद ओळखणें हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

हा भेद ओळखणें दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे, कारण मापाची सत्ता आतां आकाशापर्यंत पोंचली आहे. खरा सूर्य घड्याळाप्रमाणें चालत नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं तो घड्याळाच्या सुमारें सोळा मिनिटें पुढें असतो, तर फेब्रुवारींत सुमारें चौदा मिनिटें मागें. घड्याळ नवें होतें तेव्हां लोक सूर्यावरून तें लावीत. पुढें घड्याळच बरोबर आणि सूर्य चुकार, असें ठरलें. तरीही सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या गतीवरूनच होत असे. इ. स. १९६७ मध्यें तोही संबंध तुटला. सीझियमच्या परमाणूशीं निगडित अशा विशिष्ट प्रारणाचीं ९,१९२,६३१,७७० आंदोलनें म्हणजे एक सेकंद, असें ठरलें. या मापानें पाहतां पृथ्वीच अनियमित फिरते असें दिसून आलें, म्हणून १९७२ पासून २०१६ च्या अखेरपर्यंत घड्याळांत सत्तावीस वेळां एकेक जादा सेकंद घालून पृथ्वीला सांभाळून घेण्यांत आलें. २०२२ मध्यें वजनें व मापें यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें कीं, २०३५ पर्यंत ही सांभाळून घेण्याची सध्यांची पद्धतही सोडावी. शास्त्राच्या दृष्टीनें या निर्णयांना सबळ कारणें आहेत, आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाहीं. पण ज्या पृथ्वीच्या फिरण्याचें अनुकरण करण्यासाठीं हें साधन जन्माला आलें, तिलाच त्यानें एके दिवशीं चुकार ठरवावें, यांत साधनांच्या साऱ्या इतिहासाचें सार आहे. नोकर मापें घेतां घेतां मालक झाला, आणि मालकाला त्याचें कांहीं वाटलेंही नाहीं.

जें पृथ्वीच्या बाबतींत घडलें तें माणसाच्या बाबतींत घडूं द्यावें काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे. आज मनगटावरचें यंत्र आपण किती पावलें चाललों आणि किती वेळ झोंपलों हें मोजतें. सकाळीं उठल्यावर आपली झोंप चांगली झाली कीं नाहीं हें आपण त्याला विचारतों! घरोघरीं जिन्नस पोंचविणाऱ्या तरुणाच्या वाटेवरचीं मिनिटें दूर बसलेला कोणीतरी मोजीत असतो, आणि त्या तरुणाला मात्र लोखंड्यांच्या काळच्या मजुराप्रमाणें आपला विसावा मोजून मागण्याची सोय बहुधा नसते. माझ्या स्वतःच्या व्यवसायांत तासाची घंटा होते त्यावेळीं एखाद्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर शंका नुकतीच उमटूं लागलेली असते. घंटा खोटी नसते, पुढल्या वर्गाला खोली हवीच असते. परंतु त्या शंकेला किती मिनिटें लागतील हें कोणत्याही वेळापत्रकांत लिहिलेलें नसतें. आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, वृद्ध आईची तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकणें, मित्राच्या दुःखांत गप्प राहणें, या गोष्टींना वेळ लागतो. पण त्या वेळानें मोजल्या जात नाहींत. त्यांचें माप करूं लागतांच त्या लहान होतात असें नव्हे. त्या नाहींशाच होतात.

तेव्हां आरंभीच्या दोन्ही मतांतून निवड करण्याची आपल्याला गरज नाहीं. साधन निर्दोष आहे हें खरें नाहीं, कारण तें आपलें माप घेऊन येतें. आणि साधन सर्वसत्ताधीश आहे हेंही खरें नाहीं, कारण जपानी कारागिरानें त्याला वाकविलें आणि मुंबईच्या मजुरानें तें उलटें फिरवून धरलें. मनुष्याचें स्वातंत्र्य साधन वापरण्यांत किंवा टाकण्यांत नसून, त्यानें काय मोजावें आणि काय मोजूं नये हें ठरविण्याचा अधिकार आपल्या हातीं राखण्यांत आहे. घड्याळाला साक्षीदार म्हणून अवश्य बोलवावें, त्याची साक्ष प्रामाणिक असते. परंतु न्यायासनावर त्याला बसवूं नये. कोणतेंही नवें साधन घरांत येईल तेव्हां तें काय करतें हें तर विचारावेंच, पण तें काय मोजतें, कोणासाठीं मोजतें, आणि ज्याला मोजलें जातें त्याच्या हातीं तें माप देण्यांत आलें आहे कीं नाहीं, हेही तीन प्रश्न विचारावे. या प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक पिढीला नव्यानें शोधावीं लागतील, कारण आपल्या आजोबांचें घड्याळ आणि आपल्या मुलांच्या हातांतलें यंत्र एक नाहीं. परंतु प्रश्न विचारण्याचेंच जी पिढी सोडून देईल, तिच्या वतीनें मग तिचीं साधनेंच उत्तरें देऊं लागतील.